लोकऱ्याची खुशाली

आये,

तुला अक्षरओळख नव्हती. तुझी सगळी पत्रं मीच लिहिली आणि तुला आलेली सगळी मीच वाचली. तेव्हा हेही पत्र रीतीप्रमाणे मीच लिहायचं आणि मीच तुला वाचून दाखवायचं. आता मी तुझ्या दुपटीहून जास्त वयाची झाले आहे. तू गेलीस तेव्हा तिशीत होतीस. आज समोर आलीस तर लोक मला तुझी आजी समजतील. हात थरथरतो, पण अक्षर अजून बरं आहे. तीस वर्षं मास्तरीण होते, त्याचा एवढाच उपयोग झाला.

निमित्त सांगते. महाडच्या घरी सुनेनं एक कुत्रं आणलं आहे. लहानसंच आहे, पाय आखूड, केस लांब, आई विलायती आणि बाप कुठल्या तरी गल्लीतला. जनावरांच्या डॉक्टरनं सुनेला कागदावर लिहून दिलं: रोज विंचरा, पावसात कान कोरडे ठेवा, तिखटमीठ देऊ नका, गोचिडी ओढून काढू नका. सून तो कागद मला वाचून दाखवत होती आणि मी मान डोलवत होते. मग ती म्हणाली, "आई, तुम्हाला हे सगळं आधीच कसं माहीत?" मी उठून आत गेले. तिला वाटलं, मला कुत्रं आवडलं नाही.

लोकऱ्या आला तो शिमग्याला. बाबा मुंबईत एका पारशीण बाईंच्या बंगल्यावर माळी होते, शिमगा आणि गणपती अशा दोनच वेळा घरी यायचे. त्या वर्षी धरमतरपर्यंत लाँचने आणि पुढे एसटीने आले ते मांडीवर झाकणाची करंडी घेऊन. पोलादपूरपासून आपल्या कापडे गावापर्यंत ती करंडी त्यांनी डोक्यावरून आणली आणि ट्रंक मात्र दुसऱ्याच्या बैलगाडीत टाकली. अंगणात येऊन झाकण उघडलं. तुला वाटलं होतं लुगडं असेल. आतून भुऱ्या केसांचा एक गोळा निघाला आणि तुझ्या पायावर मुतला. बाबा म्हणाले, "बाईंच्या कुत्रीला रस्त्यावरचा लागला. बाई ह्याला कुनाला तरी देनार व्हती. मी म्हटलं, माजी बायको सांबाळील." तू पाय धुतलास आणि म्हणालीस, "मला इचारलंव काय?"

गाव बघायला आला. कुणी म्हणालं ससा आहे, कुणी म्हणालं शेळीचं करडू. कापड्याचे कुत्रे उंच, काटक, पाठीचा कणा दिसणारे. त्यांच्यात हा चालायला लागला की पोट जमिनीला टेकायचं. एक कान ताठ, दुसरा लोंबता. माणसांवर कधी भुंकला नाही, पण आपल्याच कोंबड्यांवर दिवसभर भुंकायचा. उचलून घेतलेलं त्याला खपायचं नाही, मात्र कुणी बसलं की त्याच्या पायाला पाठ लावून बसायचा, तोंड बाहेर करून, जणू राखण त्याच्यावरच सोपवली आहे. नाव तूच ठेवलंस. बाईंनी दिलेलं काहीतरी इंग्रजी नाव होतं, ते तुझ्या जिभेवर बसेना. "लोकर हाय नुसती," म्हणालीस, आणि तो लोकऱ्या झाला.

बाबा निघाले तेव्हा त्यांनी तुला त्याचं सगळं समजावून सांगितलं. बाईंनी त्यांना सांगितलेलं, त्यांनी तुला. तू भाकऱ्या थापत होतीस, मान वर न करता ऐकत होतीस. मला वाटलं, एकही शब्द तुझ्या कानात शिरत नाही. पण बाबांची एसटी गेली त्या दिवसापासून तू ते सगळं केलंस, आणि त्याहून जास्त केलंस. तुझी जुनी लाकडी फणी त्याला दिलीस. संध्याकाळी चुलीपुढे बसून त्याचे केस विंचरायचीस, गाठ आली की ओढायची नाहीस, करंजाच्या तेलाचा थेंब सोडून बोटांनी मोकळी करायचीस. एप्रिलात राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळायला, जायचीस तेव्हा तो राखेत लोळून यायचा आणि तू म्हणायचीस, असू दे, राखेनं पिसवा मरतात. गोचीड दिसली की आधी तिच्यावर तेल, मग थोडं थांबायचं, मग मुळासकट काढायची आणि निखाऱ्यावर टाकायची. त्याच्यासाठी मीठ घालण्याआधी पेज वेगळी काढायचीस. सुकटीची डोकी धुऊन द्यायचीस. आपल्याला सुकट धुऊन मिळाल्याचं मला आठवत नाही.

एकदा मी तुझ्यामागे त्याच्या गोचिडी काढायला बसले. तेल आणायचा कंटाळा केला आणि कानातली एक सरळ ओढली. तो ओरडला नाही. नुसता थरथरला आणि माझ्याकडे बघत राहिला. गोचिडीचं डोकं आत राहिलं, कान सुजला, पू झाला. तू विचारलंस, मी म्हटलं, मला काय माहीत. तू माझा हात धरून त्याच्या कानावर ठेवलास. कान तापला होता. मग म्हणालीस, "त्याला सांगता येत नाय गो. तुला येतंय ना बोलाया? मग त्याच्यासाटी तू बोलायचंस." मारलं नाहीस. मारलं असतंस तर मी ते केव्हाच विसरले असते.

आता कार्डांबद्दल लिहिते. त्यासाठीच तर बसले आहे. पोस्टमन पोलादपूरहून आठवड्यातून दोनदा यायचा, पावसात एकदा. बाबांचं कार्ड आलं की तू हात पुसून ओटीवर बसायचीस, लोकऱ्या तुझ्या पायाशी, आणि मी उभं राहून मोठ्यानं वाचायची, शाळेत धडा वाचतात तसं. बाबांची कार्डं लोकऱ्यापासूनच सुरू व्हायची. तो खातो का, कान कसा आहे, केस गळतात का, पावसात बाहेर सोडता का. बाईंना रोज सांगावं लागतं, म्हणून सविस्तर कळवावे. शेवटी एक ओळ, तुम्ही सर्व खुशाल असाल. तू म्हणायचीस, "माजी सवत आनलीन करंडीतून." काकी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, शेजारच्या ओटीवरून हसायची. तूही हसायचीस. पण एकदा कार्ड वाचून झाल्यावर तू विचारलंस, "दुसऱ्या बाजूला काय नाय?" दुसऱ्या बाजूला पत्ता होता.

उत्तर तू सांगायचीस आणि मी लिहायची. तू पाच शब्द सांगितलेस तर मी पंचवीस लिहायची. तू म्हणायचीस, "लिव, कुत्रा बरा हाय." मी लिहायची की आज लोकऱ्याने बेडकाचा पाठलाग केला आणि स्वतःच चिखलात पडला. बाबांनी एकदा लिहिलं, तुझे पत्र बाईंना वाचून दाखवले, बाई फार हसल्या, म्हणाल्या पोरगी हुशार आहे. आये, त्या एका ओळीनं माझं डोकं फिरलं. शाळेत मला कुणी हुशार म्हटलं नव्हतं. मुंबईतली एक बाई, जिला मी कधी बघणार नव्हते, तिच्यासाठी मी लिहायला लागले. लिहून झालं की तू म्हणायचीस, "वाच परत." मी वाचून दाखवायची, तू डोळे मिटून ऐकायचीस, आणि शेवटी म्हणायचीस, टाक.

आषाढात लावणी सुरू झाली. लोकऱ्याला घरात ठेवलं की तो दार खरवडायचा, म्हणून तू त्याला शेतावर न्यायचीस. चिखलात त्याचे पाय बुडायचे. मग बांधावर दगड मांडून तू त्याला वर बसवायचीस आणि आपलं इरलं त्याच्यावर पालथं घालायचीस. स्वतः पाठीवर नुसतं कांबळं घेऊन वाकायचीस. सगळ्या बाया हसायच्या. दिवसभर इरल्याखालून त्याचं नाक तेवढं बाहेर दिसायचं. संध्याकाळी दोघं घरी आलात की आधी त्याचे पंजे पुसायचीस, बोटांच्या मधला चिखल काढायचीस, कान फडक्यानं कोरडे करायचीस, आणि मग तुझं ओलं लुगडं बदलायचीस.

त्याच दिवसांत तुला ताप यायला लागला. संध्याकाळी यायचा, सकाळी नसायचा, म्हणून तू कामावर जायचीस. जेवण जाईना. काकी म्हणाली, डोळे बघू, आणि पापणी खाली ओढून बघितली. काविळीचा पाला आणून तुला दिला. थोरले काका म्हणाले, "लावनी उरकू दे, मग म्हाडला नेऊ." तुला डॉक्टरकडे न्यायचं तर बाबांनीच यायला हवं होतं, दुसऱ्या कुणाचा शब्द काकांपुढे चालत नव्हता. हे सगळ्यात आधी कुणाला कळलं असेल तर लोकऱ्याला. रात्रभर चुलीजवळ झोपणारा तो तुझ्या उजव्या कुशीला येऊन झोपायला लागला, आणि मी जवळ आले तर गुरगुरायचा. मी रागावले होते त्याच्यावर. मला वाटलं, आता ह्याला मी नको झाले.

एका दुपारी पाऊस उघडला तेव्हा तू ओटीवर बसलीस आणि म्हणालीस, कार्ड घे. आधी लोकऱ्याचं सांगितलंस, कारण बाबांनी विचारलं होतं. कान कोरडा हाय. केस कापलं नाय. पेज खातो. मग दोन्ही हात पोटावर घेतलेस आणि म्हणालीस, "आनि लिव, मला रोज ताप येतो. डोळं पिवळं झालं. कामाला उभं ऱ्हावत नाय. गनपतीची वाट बगू नका, आदी या." तू त्यांना कधी या म्हणाली नव्हतीस. मी मान हलवली.

मी काय लिहिलं ते मला अजून पाठ आहे. इरल्याखालच्या लोकऱ्यावर लिहिलं, नाकावर पडणाऱ्या थेंबावर लिहिलं, बांधावरून जाणारा माणूस त्याला कासव समजला ते लिहिलं. ते शेवटचं तर मी मनानंच रचलं होतं. बाईंना हसू येईल अशी जुळणी करत करत मी खाली येत गेले, आणि तुझ्या तापाला जागा उरली नाही. दुसरं कार्ड घरात नव्हतं. मी शेवटी लिहिलं, बाकी सर्व ठीक. प्रत्येक कार्डाच्या शेवटी मी तेच लिहायची. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, पुढच्या कार्डात पहिलं तेच लिहीन असं मी ठरवलं होतं. मग तू म्हणालीस, "वाच परत."

मी वाचलं. लोकऱ्या वाचला, इरलं वाचलं, कासव वाचलं. तू जराशी हसलीस. आणि मग कार्डावर नसलेलं मी वाचलं: आईला रोज ताप येतो, डोळे पिवळे झाले आहेत, कामाला उभे राहवत नाही, गणपतीची वाट न बघता आधी या. एकदाही अडखळले नाही. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालीस, टाक.

तू त्यानंतर निवांत झालीस. काकीला म्हणालीस, "कळीवलंय. आता येतील." चार दिवसांनी तू गावाबाहेरच्या झिंज्याच्या झाडापर्यंत जाऊन रस्ता बघून आलीस. मग ओटीवरूनच बघायला लागलीस. नंतर आतल्या खाटेवरून, दार उघडं ठेवायला सांगून. लोकऱ्या उंबऱ्यावर बसायचा, तुला पाठ, तोंड बाहेर. बाबांचं उत्तर आलं तेव्हा तुला उठवत नव्हतं. मी खाटेशी उभी राहून वाचलं. कान कसा आहे, पावसात फार भिजू देऊ नये, पंजे पुसावे, गणपतीला येतो. तू वाट बघितलीस आणि मग विचारलंस, "माजं कायच लिवलंन नाय?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तू रागावली असतीस, काकीनं दोन ठेवून दिल्या असत्या, आणि तार करायला कुणीतरी पोलादपूरला गेलं असतं. मी म्हटलं, "लिवलंय. सुट्टी मिळाली की लगेच येतो म्हनतायत." तू म्हणालीस, बरं. त्यानंतर तू त्यांच्याबद्दल काही विचारलं नाहीस. लोकऱ्याचे पंजे पुसलेस का एवढं मात्र रोज विचारायचीस.

दुसऱ्या दिवशी मी पळत जाऊन काकांच्या घरून कार्ड आणलं आणि त्यावर एकच ओळ लिहिली, आई फार आजारी आहे, या. पण तीन दिवस सावित्री नदीला पूर होता आणि पोस्टमन आलाच नाही. कार्ड गेलं ते उशिरा गेलं. बाबा आले तेव्हा तुला जाऊन दुसरा दिवस उजाडला होता. शेवटच्या सकाळी तू पाणी मागितलंस, मग म्हणालीस, "रजा नसंल मिळाली," आणि भिंतीकडे तोंड केलंस. तू त्यांना माफ केलंस की नाही हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्यांचा काही दोष नव्हता, आये. त्यांना कुणी वेळेवर सांगितलंच नव्हतं.

आणि ते तुझ्यावर रागावले. अंगणात बसले होते, माणसं भोवती, आणि मोठ्यानं म्हणाले, "कुत्र्याचं सगळं कळीवलंन, सवताचं आदी एक अक्षर नाय. मी काय परका व्हतो?" सगळ्यांनी मान हलवली. काकी माझ्याकडे बघत होती. तिनं तुझ्या तोंडून ऐकलं होतं की कळवलंय. तिच्या डोक्यात काहीतरी आलं असणार, पण ती बोलली नाही, आणि मीही बोलले नाही. पुढे पस्तीस वर्षं बाबा हेच सांगत राहिले. माझ्या लग्नात सांगितलं, नातवाच्या बारशाला सांगितलं. तुझी आई मानी होती, म्हणायचे, दुखणं लपवून मेली. लोक तुझं कौतुक करायचे आणि बाबांची कीव. दर वेळी मी पाणी आणायला आत जायची.

लोकऱ्या पुढे दहा वर्षं जगला. महिनाभर तुझ्या खाटेखालून निघाला नाही, मी हातावर पेज घेऊन चाटवायची. बाबा त्याला मुंबईला परत नेणार होते, मी रडून नेऊ दिला नाही. त्याचे केस मी विंचरले, कान मी पुसले, गोचीड तेल लावून, थांबून, मुळासकट काढली. म्हातारपणी डोळ्यांवर सारा, म्हणजे मोतीबिंदू, आला, तेव्हा मास्तरकीच्या कोर्सला जाताना मी त्याला काकीच्या ओटीवर ठेवून जायची. तो माझ्यासमोर गेला. मी कुणाचं इतकं केलं नाही. माझ्या मुलाचंसुद्धा नाही. सगळे म्हणायचे, आईची आठवण म्हणून जपते. तुला मात्र ठाऊक असेल, ती फेड होती, आणि ती झाली नाही.

बाबांना सांगायचं कितीदा ठरवलं. ते शेवटी महाडच्या घरी खाटेवर होते तेव्हाही ठरवलं. पण इतकी वर्षं तुझ्यावर रागावून ते जगले होते. तो राग काढून घेतला असता तर त्याच्या जागी त्यांना मी काय दिलं असतं? हे झालं माझं शहाणपण. खरं म्हणजे मी भ्याले. हे पत्र कुणाला दाखवणार नाही. वाचून झालं की सुनेच्या नजरेला पडायच्या आत फाडीन.

आता एवढं लिहिलंच आहे तर वर जे लिहिलं ते दुरुस्त करते. कार्डावर जागा उरली नाही असं मी म्हटलं. मी स्वतःला आयुष्यभर तसंच सांगत आले. जागा होती, आये. खाली चांगली दोन बोटं जागा होती, तुझी चारही वाक्यं मावली असती. तिथं मी लोकऱ्याचं चित्र काढलं. बाबांच्या उत्तरात पहिली ओळ त्या चित्राबद्दल होती, बाईंना फार आवडले म्हणून. ती ओळ मी तुला वाचून दाखवली नव्हती.